संगणकाचे आयुर्मान

दिल्लीहून जयपूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर, अरवलीच्या उघड्याबोडक्या टेकड्यांच्या पायथ्याशी मानेसर नावाचे गाव आहे. हरियाणा राज्याने तेथे औद्योगिक नगरी वसविली आणि या लहानशा गावाचे नाव देशभर पोहोचले. महाराष्ट्रात पुण्याजवळच्या चाकणला जे स्थान आहे, तेच राजधानीच्या परिसरात मानेसरला आहे. मोटारींचे प्रचंड कारखाने, त्यांना सुटे भाग पुरविणाऱ्या असंख्य यंत्रशाळा, गोदामे, वाहनांची कसोटी घेणारी प्रयोगशाळा, मेंदूविषयी संशोधन करणारे राष्ट्रीय केंद्र, असा हा विविध संसार आहे. या संसारात एक वस्तू मात्र सर्वत्र सारखीच आढळते. ती म्हणजे मेजावरचा संगणक. कारखान्याच्या फाटकावर, भांडारपालाच्या खोलीत, हिशेबनिसाच्या मेजावर, यंत्रांच्या गडगडाटात उभ्या असलेल्या पर्यवेक्षकाजवळ तो निमूटपणे काम करीत असतो. आणि एके दिवशी, कोणतीही पूर्वसूचना न देता, तो बंद पडतो.

त्या क्षणी जो प्रश्न उभा राहतो तो दिसतो तितका साधा नाही. हे यंत्र संपले, की त्यातला एखादा भाग संपला? नवे घ्यावे, की जुने दुरुस्त करावे? कोणत्याही कचेरीत याचे उत्तर बहुधा यंत्राकडे पाहून दिले जात नाही. ते नोंदवहीतील खरेदीच्या तारखेकडे पाहून दिले जाते. संगणक किती वर्षे टिकतो, या प्रश्नाला एक ठरीव आकडा हवा असतो, आणि असे आकडे उपलब्धही आहेत.

यातला एक आकडा मानेसरच्या अगदी जवळचा आहे. केंद्र शासनाच्या कॉर्पोरेट कार्य मंत्रालयाची प्रशिक्षण व अभ्यास संस्था याच मानेसरमध्ये आहे. आणि हे मंत्रालय ज्या कायद्याची अंमलबजावणी करते त्या २०१३ च्या कंपनी अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीत मेजावरच्या संगणकाचे उपयुक्त आयुष्य ३ वर्षे, तर सर्व्हर आणि जाळ्यांच्या यंत्रणेचे ६ वर्षे असे नमूद केलेले आहे. दुसरा आकडा ई-कचऱ्याविषयीच्या २०१६ च्या नियमांच्या अनुषंगाने आला. उत्पादकाने किती जुनी यंत्रे परत गोळा करावयाची याचा हिशेब करताना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने वैयक्तिक संगणकाचे सरासरी आयुष्य ६ वर्षे धरले. म्हणजे एकच यंत्र हिशेबनिसाच्या लेखी तीन वर्षांत सरते आणि पर्यावरण-अधिकाऱ्याच्या लेखी सहा वर्षांत. दोन्ही आकडे आपापल्या कामापुरते योग्यच आहेत. पहिला घसारा आकारण्यासाठी आहे, दुसरा उत्तरदायित्व मोजण्यासाठी. कंपनी अधिनियम तर तांत्रिक सल्ल्याच्या आधारे आणि कारण नमूद करून निराळे आयुष्य धरण्याची मुभाही देतो. चूक होते ती हे हिशेबाचे आकडे यंत्राच्या मृत्यूची तिथी म्हणून वाचण्यात. यंत्राचे आयुष्य पाहावयाचे तर त्याची पेटी उघडून आतच पाहिले पाहिजे.

संगणक हा एकसंध पदार्थ नव्हे. निरनिराळ्या द्रव्यांच्या आणि निरनिराळ्या आयुष्याच्या भागांचे ते एक एकत्र कुटुंब आहे. त्यातील काही सभासद दीर्घायुषी, काही अल्पायुषी. परंतु एकाने अंग टाकले की सारे घर थांबते. हे अगदी पहिल्या संगणकांपासून चालत आले आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली भारतीय अभियंत्यांनी जो संगणक बांधला तो १९६० साली काम करू लागला, आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नलिका, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रोधक होते. दिव्यातील तारेप्रमाणे निर्वात नलिकेतील तारही तापून तापून झिजते. अशा हजारो नलिकांतून एखादी केव्हा जाईल हे सांगणे अशक्य, पण कोणती तरी जाणार हे निश्चित. तेथील लोकांनी नलिका गेली म्हणून संगणक मोडीत काढला नाही. त्यांनी नलिका बदलली. आणि १९६४ च्या सुमारास टिफ्रॅक निवृत्त झाला तो त्याचे प्राण गेल्यामुळे नव्हे. त्याच सुमारास अमेरिकेहून आलेला सीडीसी ३६०० हा संगणक त्याच्यापेक्षा कितीतरी वेगाने काम करू लागला होता. एखाद्या भागाची झीज आणि काळाच्या मागे पडणे हे यंत्राच्या अंताचे दोन स्वतंत्र मार्ग टिफ्रॅकमध्येच दिसून आले. आजच्या मेजावरच्या संगणकालाही तेच दोन मार्ग आहेत.

आधी झिजेचा विचार करू. यंत्रांच्या बिघाडांचा आलेख काढला तर त्याचा आकार स्नानाच्या टबासारखा दिसतो. आरंभी बिघाड अधिक. कारण घडणीत राहून गेलेले दोष पहिल्या काही महिन्यांत बाहेर पडतात. मग मधला दीर्घ काळ सपाट जातो. शेवटी झीज साचत जाऊन आलेख पुन्हा चढतो. म्हणूनच पहिल्या वर्षाच्या हमीत पुष्कळ दोष उघडकीस येतात, आणि त्यातून तरलेले यंत्र दीर्घकाळ निर्वेधपणे चालते. हा सपाट काळ किती लांबेल ते मात्र सर्व भागांच्या सरासरीवर ठरत नाही. जो भाग सर्वांत आधी झिजतो, त्यावर ते ठरते.

हा मान बहुतेक वेळा एका क्षुद्र दिसणाऱ्या वस्तूकडे जातो. वीज आत घेणारी जी पेटी असते, जिला दुरुस्तीच्या दुकानात एसएमपीएस म्हणतात, तिच्यात आणि मदरबोर्डवर लहान नळकांड्यांसारखे कपॅसिटर उभे असतात. अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांमध्ये विद्युत्‌वाहक द्रवाने भिजविलेला कागद गुंडाळून वर रबराचे बूच बसविले की हा कपॅसिटर तयार होतो. विजेच्या प्रवाहातील चढउतार पोटात घेऊन पुढे समतल प्रवाह देणे हे त्याचे काम. परंतु उष्णतेने त्यातील द्रव बुचातून हळूहळू उडून जातो, आणि द्रव आटला की त्याचे सामर्थ्य संपते.

अभियंते याबाबत एक सोपा ठोकताळा वापरतात: तापमान १० अंशांनी वाढले की कपॅसिटरचे आयुष्य निम्मे होते, १० अंशांनी उतरले की दुप्पट होते. एखाद्या कपॅसिटरवर १०५ अंश सेल्सिअसला २,००० तास असे लिहिलेले असेल, तर ८५ अंशांवर तो ८,००० तास आणि ६५ अंशांवर ३२,००० तास टिकावा. वर्षातून २५० दिवस, दररोज ८ तास चालणारी कचेरी धरली, तर वर्षाला २,००० तास भरतात. म्हणजे ८५ अंशांवर तापणारा कपॅसिटर चार वर्षांत, तर ६५ अंशांवरचा सोळा वर्षांत सरेल. भाग तोच, कारखाना तोच, किंमत तीच. केवळ वीस अंशांच्या अंतराने आयुष्य चौपट होते. आणि तोच ६५ अंशांवरचा कपॅसिटर रात्रंदिवस चालू ठेवला, तर चार वर्षेही पुरी करीत नाही. संगणक किती वर्षे टिकतो याचे एकच उत्तर का देता येत नाही, हे या साध्या त्रैराशिकावरून ध्यानात येईल.

घडणीतील दोषाचाही एक धडा याच वस्तूने दिलेला आहे. १९९९ ते २००७ या काळात सदोष द्रव भरलेले असंख्य कपॅसिटर जगभरच्या संगणकांत बसविले गेले. त्यांच्या पोटात वायू साचे, डोकी फुगत, आणि काही फुटून तपकिरी द्रव बाहेर येई. तेव्हापासून दुरुस्ती करणारा कारागीर पेटी उघडली की प्रथम कपॅसिटरची डोकी सपाट आहेत का ते पाहतो.

आता मानेसरची हवा ध्यानात घ्यावी. मे-जून महिन्यांत तेथे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि राजस्थानच्या वाळवंटाकडून येणारी लू वाहते. मधूनच वावटळ उठते आणि क्षणात आसमंत पिवळा करून सोडते. ही धूळ संगणकाच्या पंख्याला आयतीच सापडते. पंख्याचे काम बाहेरची हवा आत ओढून प्रोसेसरवरील धातूच्या पात्यांना थंड करण्याचे. हवेबरोबर तो धूळही ओढतो. पात्यांच्या फटींत नमद्यासारखा थर बसतो; हवा फिरेनाशी होते; पंखा अधिक वेगाने फिरू लागतो; त्यामुळे त्याच्या बेअरिंगमधील वंगण लवकर सुकते आणि तो घरघरू लागतो. पंखा मंदावला की आतले तापमान चढते, आणि तापमान चढले की कपॅसिटरचा तो दहा अंशांचा हिशेब पुन्हा सुरू होतो. प्रोसेसर आणि धातूची पाती यांमध्ये उष्णता वाहून नेण्यासाठी लावलेले मलमही काही वर्षांत वाळून त्याला भेगा पडतात. वास्तविक प्रोसेसर हा या कुटुंबातील सर्वांत चिवट सभासद. तो स्वतः क्वचितच मरतो. फार तापला की स्वसंरक्षणार्थ वेग कमी करतो किंवा सारे यंत्र बंद करतो. अशा वेळी ‘संगणक म्हातारा झाला’ असा निर्णय दिला जातो. प्रत्यक्षात त्याला हवी असते ती ब्लोअरची एक फुंकर आणि चिमूटभर मलम.

धुळीच्या जोडीला वीज येते. औद्योगिक वसाहतीत मोठमोठी यंत्रे एकदम सुरू-बंद होतात, तेव्हा विजेचा दाब डगमगतो. वीज जाते, जनित्र सुरू होते, वीज परत येते. या प्रत्येक उलटापालटीत क्षणभराचा झटका एसएमपीएसला सोसावा लागतो. यासाठी मध्ये यूपीएस ठेवतात खरा, पण त्यातील शिशाची बॅटरीही साधारणतः तीन ते पाच वर्षांत निकामी होते, आणि उष्ण खोलीत त्याहूनही लवकर. बॅटरी गेलेला यूपीएस पुष्कळ कचेऱ्यांत केवळ दिवा लावून बसलेला असतो. रक्षक जागा आहे असे वाटते, पण त्याच्या हातात काठी नसते.

तिसरा शत्रू डोळ्यांना दिसतच नाही. तो हवेतील गंधकयुक्त वायू. २००६ साली युरोपात विद्युत् उपकरणांतील शिशावर निर्बंध आले आणि सर्व जगातील मंडलपट्टांवर शिशाविरहित डाख वापरात आला. काही पट्टांवर चांदीचा मुलामा येऊ लागला. पर्यावरणाच्या दृष्टीने ते योग्यच झाले. परंतु गंधकाचे वायू असलेल्या हवेत चांदी आणि तांबे काळवंडतात हे देवघरातील भांडी घासणाऱ्या कोणत्याही गृहिणीला ठाऊक असते. तीच काळी बुरशी मंडलपट्टावर पसरू लागली. पुढे यासाठी एक मोजमापही वापरात आले: तांब्याच्या पट्टीवर महिन्याभरात ३०० अँगस्ट्रॉमपेक्षा, म्हणजे मिलिमीटरच्या लाखाव्या भागाच्या तिपटीपेक्षा, जाड थर चढत असेल तर ती हवा यंत्रांना सुरक्षित नाही. राजधानीच्या परिसरात १ जानेवारी २०२३ पासून, औष्णिक वीजकेंद्रे वगळता, उद्योगांत कोळसा जाळण्यास बंदी झाली. ती माणसांची फुप्फुसे वाचविण्यासाठी आहे. परंतु माणसाला जी हवा बाधते ती बहुधा यंत्रालाही बाधते.

याचा अर्थ मानेसरचा संगणक दुर्दैवी आणि इतर ठिकाणचे सुदैवी, असा मात्र नव्हे. रत्नागिरी-मालवणकडे धूळ कमी, पण समुद्राची खारी हवा आणि चार महिन्यांचा ओलावा धातूच्या टोकांवर गंज चढवितो. नागपूर-चंद्रपूरकडे उन्हाळा मानेसरच्याच तोडीचा. प्रत्येक प्रांतातील संगणकाला त्या त्या प्रांताच्या हवेचे दुखणे होते. मानेसरमध्ये ती दुखणी एकाच अंगणात जमलेली दिसतात, इतकेच. उन्हाळ्यात पंचेचाळीस अंश आणि जानेवारीच्या पहाटे चार-पाच अंश सोसणाऱ्या या प्रदेशात, दररोज तापून पुन्हा निवणारे डाखाचे सांधे सतत प्रसरण-आकुंचन पावत राहतात, आणि वाकवून वाकवून तार तुटावी तशी त्यांना केसासारखी भेग पडते. कधी चालणारा, कधी न चालणारा संगणक पुष्कळदा याच भेगेचा बळी असतो.

आतापर्यंत सांगितलेल्या सर्व बिघाडांत एक दिलासा आहे: भाग गेला तर तो बदलता येतो. एक भाग मात्र असा आहे की तो बदलला तरी झालेली हानी भरून येत नाही. तो म्हणजे माहिती साठविणारी हार्ड डिस्क. तिच्यातील तबकड्या मिनिटाला ७,२०० फेरे घेतात, आणि वाचणारे टोक त्यांच्यावरून काही नॅनोमीटर उंचीवर तरंगते. माणसाचा केस त्या अंतराच्या हजारो पट जाड असतो. धक्का बसला, टोक तबकडीला घासले, की तेथील अक्षरे कायमची पुसली जातात. गुगल कंपनीतील तीन अभियंत्यांनी २००७ साली एक लाखाहून अधिक डिस्कांच्या नोंदी तपासून एक निबंध प्रसिद्ध केला. पहिल्या वर्षात शंभरामागे दोनहून कमी डिस्का निकामी झाल्या. तीन वर्षे वयाच्या डिस्कांत हे प्रमाण वर्षाला शंभरामागे आठांहून अधिक झाले. उष्णतेचा परिणाम अपेक्षेपेक्षा कमी आढळला. परंतु सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष निराळाच होता. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची जी नोंद ठेवते, तीत तापमान सोडता, निकामी झालेल्या डिस्कांपैकी एक तृतीयांशाहून अधिक डिस्कांनी धोक्याची एकही खूण दाखविली नव्हती. आजच्या एसएसडीत फिरणारे काही नाही, हे खरे. पण तिच्या प्रत्येक पेशीत लिहिण्या-पुसण्याची संख्या मर्यादित असते, आणि तीही अचानक मौन धरू शकते. तात्पर्य, कामगारांच्या हजेरीपासून भविष्य निर्वाह निधीपर्यंतच्या नोंदी एकाच डिस्कवर ठेवून निर्धास्त राहणे म्हणजे घरातील सारे दागिने एका मडक्यात घालून ते उंबरठ्यावर ठेवणे होय. यंत्र गेले तर पैसे जातात. नोंद गेली तर एखाद्या माणसाच्या वीस वर्षांच्या नोकरीचा पुरावा जातो. तेव्हा दुसरी प्रत, आणि तीही दुसऱ्या जागी, ठेवणे हे संगणकाच्या आयुष्याविषयीचे पहिले शहाणपण आहे.

याच्या उलट टोकाला, सर्वांत स्वस्त भागही सर्वांत मोठा भ्रम निर्माण करू शकतो. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखी तीन व्होल्टची एक लिथियम बॅटरी असते. संगणक बंद असताना घड्याळ चालू ठेवणे एवढेच तिचे काम. काही वर्षांनी ती संपते. मग प्रत्येक सकाळी संगणक स्वतःला भलत्याच वर्षात समजू लागतो. आणि तारीख चुकली की सुरक्षित संकेतस्थळे त्याला दाराबाहेर ठेवतात, कारण त्यांची प्रमाणपत्रे तारखेवरच तपासली जातात. ‘इंटरनेट चालत नाही, संगणक जुना झाला’ असा शेरा पडतो. काही दहा रुपयांच्या बॅटरीने जे काम झाले असते, त्यासाठी सारे यंत्र अडगळीच्या खोलीत जाते. मेमरीच्या पट्टीचेही तसेच. तिच्या टोकांवर बसलेला मळ कारागीर शाळकरी मुलाच्या खोडरबराने पुसतो, आणि मेलेला संगणक उठून बसतो.

आता दुसरा मार्ग, म्हणजे काळाच्या मागे पडणे. अनेक संगणक कोणताही भाग न बिघडता निवृत्त होतात. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीचे नियमित नि:शुल्क पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविले. आणि विंडोज ११ साठी जी अर्हता ठरविली, तीत साधारणतः २०१७ च्या पूर्वार्धापर्यंतचे बहुतेक सर्व प्रोसेसर बसत नाहीत. यंत्र धडधाकट, पण त्याला नव्या सुरक्षा-दुरुस्त्या मिळत नाहीत. आणि अशा यंत्रावर पैशांचे वा गोपनीय काम करणे धोक्याचे, हेही खरेच. तथापि यावर मोडीत काढणे हा एकच उपाय नाही. लिनक्ससारखी मुक्त प्रणाली घालून तेच यंत्र कितीतरी वर्षे वापरता येते. केरळमधील सरकारी शाळांनी अशा मुक्त प्रणालीवर मोठ्या प्रमाणात शिक्षण दिले आहे, आणि आपल्या सी-डॅक संस्थेनेही ‘बॉस’ नावाची भारतीय प्रणाली सिद्ध केली आहे. कारखान्याच्या मेजाला जो संगणक पुरेसा नाही, तो शाळेतील मुलांना टंकलेखन आणि गणित शिकविण्यास पुरेसा असू शकतो.

आणि मोडीत काढलेल्या यंत्राचे पुढे काय होते, हेही विसरता येत नाही. मानेसरहून गाडीने काही तासांच्या आत पोहोचता येईल अशा दिल्लीच्या सीलमपूर भागात जुन्या संगणकांचे ढीग वर्षानुवर्षे उकलले गेले आहेत. तांब्यासाठी तारा जाळणे, मौल्यवान धातूंसाठी मंडलपट्ट आम्लात बुडविणे, ही कामे उघड्या हातांनी करणाऱ्या माणसांत लहान मुलेही दिसली आहेत. १ मे २०१२ पासून देशात ई-कचऱ्याचे नियम लागू झाले, आणि १ एप्रिल २०२३ पासून त्यांची जागा अधिक विस्तृत नियमांनी घेतली. त्यांनुसार जुने यंत्र नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच गेले पाहिजे. परंतु जे यंत्र अकारण मोडीत निघाले नाही, त्याला या वाटेने जावेच लागत नाही.

तेव्हा संगणकाचे आयुर्मान किती, या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर असे: त्याच्या सर्वांत दुबळ्या भागाइतके, आणि तो भाग बदलण्याची इच्छा असेल तर त्याहून पुष्कळ अधिक. वर्षातून दोनदा, लू ओसरल्यावर आणि पावसाळा संपल्यावर, पेटी उघडून धूळ काढणे. पंख्याचा आवाज बदलला की तो बदलणे. यूपीएसची बॅटरी दिव्यावर विश्वास न ठेवता तपासणे. नोंदींची दुसरी प्रत ठेवणे. आणि एसएमपीएसची पेटी मात्र, तिच्यात वीज काढल्यावरही धोकादायक दाब साचलेला असतो म्हणून, जाणत्या कारागिराकडेच सोपविणे. यात कोणतेही गूढ शास्त्र नाही. जडवस्तू नोंदवहीत ‘निरुपयोगी’ हा शब्द लिहिण्यापूर्वी त्याखाली आणखी एक रकाना असावा: कोणता भाग गेला, आणि तो बदलण्यास किती खर्च येईल. तो रकाना भरण्यास दहा मिनिटे लागतील. मानेसरच्या वाहन-कसोटीच्या प्रयोगशाळेत मोटारीचा एखादा भाग नापास झाला तर तो कोणता व का, हे आधी लिहिले जाते. साऱ्या मोटारीवर शेरा मारला जात नाही. मेजावर इमानाने राबणाऱ्या संगणकालाही एवढाच न्याय मिळावा. अरवलीची धूळ दर वर्षी येणारच आहे. ती झटकण्याचे काम तेवढे माणसाचे आहे.